देशोदेशीचे फॅमिली डॉक्टर: पैसे कशाचे मिळतात ते आधी बघा

कुठल्याही देशातल्या फॅमिली डॉक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: फुकट आहे का? त्यापेक्षा डॉक्टरच्या हातात पैसे कशाचे पडतात, ते विचारावं. नोंदवलेल्या माणशी ठरीव रक्कम, दर भेटीचे पैसे, तिमाहीचा एकरकमी आकार, की नुसता पगार? एवढं कळलं की अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळेल, आत किती मिनिटं मिळतील, रिपोर्ट फोनवर सांगतील की परत बोलावतील, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. हे परीक्षण त्याच नजरेनं केलेलं आहे. इंग्लंड, नेदरलँड्स आणि जर्मनी तपशिलात, बाकीचे देश कामापुरते.

सुरुवात इंग्लंडपासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथलेच. एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, तरी तिथला जीपी (फॅमिली डॉक्टर) बहुतेक वेळा सरकारी नोकर नसतो. दवाखाना जीपी भागीदारांचा, आणि एनएचएसबरोबर त्यांचा करार. मुख्य उत्पन्न नोंदवलेल्या रुग्णांच्या संख्येवर, तेही वय आणि आजारपणाचा भार धरून काढलेलं. तुम्ही वर्षात एकदा गेलात काय आणि पंधरा वेळा गेलात काय, ही रक्कम तीच. म्हणजे तुम्हाला विनाकारण बोलवण्यात डॉक्टरचा काही फायदा नाही. रिपोर्ट नॉर्मल असला तर ॲपवर दोन शब्दांत कळतो, फोनही येत नाही. याच कारणानं दार अरुंद होतं. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत पंधरावा नंबर ऐकायचा, आणि आपला नंबर येईपर्यंत त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असायच्या, ही तक्रार इंग्लंडभर सारखी ऐकू येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून दवाखान्यांनी सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन विनंतीचा फॉर्म उघडा ठेवायचा, असं करारात आलं. तातडीचं नसलेलं काम असेल तर फोनच्या नादी लागू नका, फॉर्म भरा. फॉर्ममध्ये ‘बरं वाटत नाही’ एवढंच लिहिलं तर तो ढिगात खाली जातो. कधीपासून, काय वाढलं, कुठलं औषध घेऊन झालं आणि तुम्हाला काय हवं आहे (तपासणी, औषध, सिक नोट की रेफरल) हे चार ओळींत लिहिलं की वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो.

नोंदणीची गोष्ट नीट लक्षात ठेवावी. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही. काउंटरवर मागतात, असेल तर द्यावं, पण ‘नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. नोंदणी नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं, तेही १४ दिवसांत. ‘लेखी द्याल का?’ हा सौम्य प्रश्न पुष्कळदा पुरतो. थोड्या दिवसांसाठी, म्हणजे २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपर्यंत कुठे राहणार असाल, तर तात्पुरती नोंदणी होते आणि मूळ दवाखाना सुटत नाही. ऑफिसजवळचा लांबचा जीपी २०१५ पासून घेता येतो, पण मग तो घरी तपासायला येण्याला बांधील नसतो. म्हाताऱ्या माणसांनी ही सवलत घेऊ नये.

आत गेल्यावर साधारण दहा मिनिटं. गुडघा, रक्तदाब आणि झोप असे तीन विषय घेऊन गेलात तर तिन्ही अर्धवट राहतात. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात सांगा. दारातून निघताना ‘आणि हो, छातीत कधीकधी दुखतं’ म्हणणारा रुग्ण जीपींच्या चांगल्या ओळखीचा आहे. विषय खरंच दोन असतील तर दुहेरी वेळ आधीच मागून घ्यावी.

तपासणी फुकट, पण इंग्लंडमध्ये औषधाला पैसे पडतात: मे २०२४ पासून दर औषधामागे ९.९० पौंड. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा आकार नाही. वय १६ च्या खाली किंवा ६० आणि वर असेल तर इंग्लंडमध्येही माफ. कायमच्या गोळ्या चालू असतील तर आगाऊ भरायचं प्रमाणपत्र घ्यावं. त्याच दराच्या वेळी तीन महिन्यांचं ३२.०५ आणि वर्षाचं ११४.५० पौंड होतं, म्हणजे तिमाहीत चौथं किंवा वर्षात बारावं औषध आलं की पैसे वसूल. किरकोळ सात तक्रारींसाठी तर जीपीकडे जायचंच कारण नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून औषधांचं दुकान स्वतःच तपासून औषध देतं: सायनस, घसादुखी, मुलांचा कान, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो (त्वचेचा खपल्या धरणारा संसर्ग), नागीण आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांचा साधा लघवीचा संसर्ग. पुरुषाला लघवीचा त्रास झाला तर मात्र जीपीच. लोक इथे हमखास चुकतात आणि दुकानातून परत येतात.

आणखी एक खड्डा आहे. खासगी किंवा परदेशी तज्ज्ञानं लिहिलेलं औषध जीपीनं पुढे चालू ठेवलंच पाहिजे, असं नाही. खास देखरेखीची औषधं, उदाहरणार्थ एडीएचडीची (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता), जीपी आणि तज्ज्ञ यांच्यात लेखी वाटणी झाल्याशिवाय मिळत नाहीत, आणि ती वाटणी नाकारायचा हक्क जीपीला आहे. खासगी तज्ज्ञाला पैसे भरण्याआधी जीपीला विचारलं तर पुढची धावपळ वाचते. आजारपणाच्या रजेसाठी पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागतच नाही, स्वतःच लिहून द्यायचं असतं.

नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरला म्हणतात हाउसआर्ट्‌स (जर्मन शब्दही कानाला जवळपास तसाच लागतो, व्यवस्था मात्र अजिबात तशी नाही). इथे पैसे मिश्र: नोंदणीबद्दल दर तिमाहीला ठरीव रक्कम आणि वर भेटीचा दर. पाच मिनिटांच्या आत, पाच ते वीस मिनिटं आणि वीसच्या पुढे असे भेटीचे तीन भाव. ते विमा कंपनी भरते, तुमच्या वार्षिक स्वखर्चातून (विम्यानं भरायला लागण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) कापले जात नाहीत. हा स्वखर्च २०१६ पासून ३८५ युरो आहे, आणि खरी गोम इथेच आहे. डॉक्टरची भेट त्यातून वगळलेली, पण त्याच भेटीत लिहिलेली रक्ततपासणी, एक्स-रे आणि औषध वगळलेलं नाही. ‘फॅमिली डॉक्टर फुकट’ समजून गेलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचं बिल येतं आणि तो डॉक्टरवर चिडतो. तपासणी लिहिताना ‘हिचे पैसे माझ्या स्वखर्चातून जातील ना, आणि निकालानं उपचार बदलणार आहे का?’ असं विचारायला डच डॉक्टरांची हरकत नसते. उलट दुसरा प्रश्न त्यांना आवडतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना विम्याचा हप्ता नाही आणि स्वखर्चही नाही.

दारावर इथे सहायक असते. ती रिसेप्शनिस्ट नव्हे, प्रशिक्षित असते, आणि फोनवरच तातडी ठरवते. तिच्या प्रश्नांना ‘ते मी डॉक्टरलाच सांगेन’ असं उत्तर देणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. तिला आकडे हवे असतात. मुलाला ताप आहे, हे पुरत नाही. ‘दोन दिवस ताप, आज दुपारी ३९.४, सकाळपासून दोनदाच लघवी, पाणी पीत नाही, पॅरासिटामॉल इतके मिलिग्रॅम इतक्या वेळा दिलं, तरी मलूलच आहे’ असं सांगितलं तर त्याच दिवशी बोलावतील. यातलं ‘पाणी पीत नाही’ आणि ‘मलूल’ हे तापाच्या आकड्यापेक्षा जड पडतं. रात्री आणि शनिवार-रविवारी डॉक्टरांची सामायिक केंद्रं असतात, पण तिथेही थेट जायचं नाही, आधी फोन. तिथे यू-० ते यू-५ अशी तातडीची उतरंड वापरतात. यू-० म्हणजे सगळ्यात तातडीचं, यू-५ म्हणजे फोनवरच सल्ला.

‘डच डॉक्टर सगळ्याला पॅरासिटामॉल देतात’ हा विनोद जुना झाला. त्यामागे शिस्त आहे. तिथल्या फॅमिली डॉक्टरांची शास्त्रीय संस्था १९५६ पासून आहे आणि १९८९ पासून ती आजारवार मार्गदर्शिका काढते. घसादुखी साधारण आठवडाभर आणि खोकला दोन-तीन आठवडे चालतो, हे डॉक्टर सांगतो आणि थांबतो. अँटिबायोटिकचा वापर युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत नेदरलँड्स येतं, ते यामुळेच. अशा भेटीतून औषध न घेता निघायला हरकत नाही, मात्र एक गोष्ट घेऊन निघावं: काय दिसलं तर परत यायचं, आणि किती दिवसांनी. डॉक्टर हे सांगायला विसरला तर आपण विचारावं. या व्यवस्थेतला धोका तिथेच आहे, कारण ‘थांबा’ म्हटलेला भिडस्त रुग्ण थांबतच राहतो. आणि घर बदलणार असाल तर आधी नव्या भागातले दवाखाने नवे रुग्ण घेतात का ते बघा. बरेचसे घेत नाहीत. कोणीच घेत नसेल तर विमा कंपनीला फोन करायचा, शोधून देणं तिचं काम आहे.

जर्मनी याच्या अगदी उलट टोकाला. सक्तीचा आजारपणाचा विमा १८८३ चा, आणि डॉक्टर निवडायची मोकळीक मोठी. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी नसतानाही बहुतेक तज्ज्ञांकडे थेट जाता येतं. पैसे तिमाहीवर चालतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या तिमाहीत पहिल्यांदा गेलात की काउंटरवर विम्याचं कार्ड यंत्रात घालतात, आणि त्या तिमाहीचा एकरकमी आकार डॉक्टरच्या खात्यावर लागतो. त्याच तिमाहीत पुन्हा गेलात तर मूळ आकारात फारशी भर पडत नाही. म्हणून वेटिंग रूम भरलेली आणि आतली भेट आटोपशीर. जुनाट आजाराचा रुग्ण तिमाहीत दुसऱ्यांदा डॉक्टरला भेटला की वेगळा पूरक आकार मिळतो, तेव्हा मधुमेहाच्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात एकदा या’ असं का सांगतात, हे कोडं राहत नाही. याच पद्धतीमुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दवाखाने बंद आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झुंबड असं चित्र दिसायचं, कारण एका मर्यादेपुढचं काम पूर्ण दरानं मोजलं जात नसे. २०२५ च्या कायद्यानं फॅमिली डॉक्टरांवरची ही मर्यादा काढली.

रुग्णाच्या दृष्टीनं जर्मनीतली दोन यंत्रं शिकून घ्यावीत. पहिलं ई-प्रिस्क्रिप्शन, १ जानेवारी २०२४ पासून सक्तीचं. औषध कार्डावर ‘चढतं’ असं म्हणतात, प्रत्यक्षात ते सर्व्हरवर असतं आणि कार्ड ही नुसती किल्ली. डॉक्टरनं डिजिटल सही करेपर्यंत दुकानदाराला काहीच दिसत नाही. काही दवाखाने सगळ्या सह्या दुपारी एकत्र करतात, आणि रुग्ण सकाळी साडेदहाला दुकानात हात हलवत उभा राहतो. निघताना ‘सही झाली का?’ एवढं विचारावं. चिठ्ठी २८ दिवसांत वापरायची, नाहीतर विमा पैसे भरत नाही. औषधावर आपला वाटा किमतीच्या १० टक्के, पण ५ युरोपेक्षा कमी नाही आणि १० पेक्षा जास्त नाही.

दुसरं, तज्ज्ञाची वेळ. थेट फोन केला तर त्वचेच्या डॉक्टरकडे महिनेच्या महिने जातात. फॅमिली डॉक्टरच्या रेफरलवर बारा अक्षरांचा तातडीचा कोड छापून घेतला आणि ११६११७ या डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणाऱ्या फोनसेवेला दिला, तर चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. डॉक्टर किंवा गाव आपल्या पसंतीचं मिळेलच असं नाही. कोड नसेल तर तोच नंबर बहुतेक तज्ज्ञांसाठी निरुपयोगी. डोळे आणि स्त्रीरोग यांना मात्र कोड लागत नाही. म्हणजे मोकळीक कागदावर कितीही असली तरी वेळ हवी असेल तर फॅमिली डॉक्टरच लागतो. ज्यांना ‘मला कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही’ याचं कौतुक असतं, त्यांना हे पहिल्या गंभीर दुखण्यात कळतं. बुधवारी दुपारी पुष्कळ दवाखाने बंद असतात, तेही लक्षात असू द्यावं. डॉक्टरच्या ओळखीच्या रुग्णाला किरकोळ आजारात फोनवरून पाच दिवसांपर्यंतची सिक नोट मिळते आणि ती कंपनीला कागदावर द्यावी लागत नाही. ही सोय फार उत्तम आहे.

फ्रान्समध्ये गणित रुग्णाच्या डोळ्यांसमोर मांडलेलं असतं. आपला डॉक्टर कोण, हे विमा यंत्रणेला कळवायचं. कळवलं असेल तर साध्या दराच्या जीपीची भेट डिसेंबर २०२४ पासून ३० युरो. त्यातले ७० टक्के म्हणजे २१ मिळायचे, त्यातून २ युरो कापतात, हातात १९. पूरक विमा असेल तर आणखी ९, म्हणजे खिशातून २. डॉक्टर कळवलेलाच नसेल तर ७० ऐवजी ३० टक्के: ९ वजा २, परत आले ७. हा फरक नेहमीचा पूरक विमाही भरून देत नाही. एक फॉर्म न भरल्याचा हा दंड, दर भेटीला. डोळ्यांचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर यांच्याकडे थेट जाता येतं. प्रश्न एवढाच की बऱ्याच ग्रामीण भागांत कळवायला डॉक्टरच उरलेला नाही.

दर भेटीचे पैसे म्हटले की ऑस्ट्रेलिया. साधी भेट सहा ते वीस मिनिटांच्या आतली, वीसच्या पुढे वेगळा दर. सातव्या मिनिटाला आणि एकोणिसाव्या मिनिटाला सरकारी परतावा सारखाच, त्यामुळे भेट कुठे संपत असेल ते सांगायला नको. नाजूक विषय असेल तर बुकिंग करतानाच लांब अपॉइंटमेंट मागा, आणि मेडिकेअरचाच (सरकारी विम्याचाच) दर घेणार की वरचे पैसे लागतील तेही तेव्हाच विचारा. रिपोर्टसाठी परत बोलावण्याची सवयही इथलीच, कारण भेट झाली तर पैसे. जीपीचं रेफरल साधारण १२ महिने चालतं, आणि तो काळ चिठ्ठीच्या तारखेपासून नव्हे, तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीपासून मोजतात. कायमचा आजार असेल तर ‘बेमुदत’ लिहून घ्यावं, नाहीतर दरवर्षी एका चिठ्ठीसाठी एक भेट.

कॅनडात १९८४ च्या कायद्यामुळे डॉक्टरच्या भेटीला पैसे घेता येत नाहीत, अडचण डॉक्टर मिळण्याची आहे. लाखो लोक बिनडॉक्टरचे आहेत आणि वॉक-इन क्लिनिकवर (अपॉइंटमेंट न घेता जायचे दवाखाने) भागवतात. ओंटारिओत एक न दिसणारी गाठ आहे. माणशी पैसे घेणाऱ्या गटाकडे तुमचं नाव असताना तुम्ही बाहेरच्या वॉक-इनमध्ये गेलात, तर त्याची वजावट कित्येक वर्षं तुमच्या डॉक्टरच्या बोनसमधून होत आली. असं वारंवार करणाऱ्याला काही डॉक्टर यादीतून काढतात. रुग्णाला वाटतं, आपण डॉक्टरचा भार हलका केला.

मिनिटांच्या बाबतीत स्वीडनचा हात धरणारं कोणी नाही. २०१७ मध्ये ६७ देशांची आकडेवारी एकत्र करून झालेल्या अभ्यासात भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये २२.५ मिनिटं निघाला. पण स्वीडनमध्ये नोंदणी असते आरोग्यकेंद्राकडे, आणि पुढच्या वेळी समोर वेगळाच डॉक्टर असण्याची शक्यता चांगलीच. बावीस मिनिटांतली आठ आपला इतिहास पुन्हा सांगण्यात गेली, तर उरलं काय?

शेजारच्या नॉर्वेनं २००१ मध्ये प्रत्येकाला ठरावीक डॉक्टर दिला, आणि डॉक्टर बदलायची मुभा वर्षातून दोनदा. या योजनेतून निघालेला आकडा आमच्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात वजनदार आहे: एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, पहिल्या वर्षातल्या रुग्णांच्या तुलनेत, अवेळी सेवेचा वापर सुमारे ३० टक्के, तातडीनं हॉस्पिटलात भरती होणं २८ टक्के आणि मृत्यूचं प्रमाण २५ टक्के कमी आढळलं. म्हणून गोड बोलणाऱ्या नव्या डॉक्टरसाठी जुना सोडताना दोनदा विचार करावा. डेन्मार्कचंही बरंचसं असंच: ठरावीक डॉक्टर, उत्पन्नाचा साधारण तिसरा भाग माणशी आणि उरलेलं कामागणिक. ईमेलवर सल्ला देणं तिथे २००९ पासून डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि त्याचा वेगळा दरही ठरलेला आहे. दर असला की उत्तर येतं, हे वेगळं सांगायला नको.

एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना कागदपत्रं आपोआप येत नाहीत. देशातल्या देशात येतील, सीमा ओलांडत नाहीत. जुन्या डॉक्टरकडून दोन पानांचा सारांश मागून घ्या: निदानं, ॲलर्जी, लसी आणि सगळी औषधं मूळ नावानं. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे कोणी ओळखत नाही, आणि मूळ नावंही बदलतात. सालब्युटामॉल उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी अल्ब्युटेरॉल होतं. जर्मनीत एकावेळी तीन किंवा जास्त औषधं कायम घेणाऱ्याला छापील औषधतक्ता मिळायचा हक्क आहे, निघण्याआधी तो जरूर घ्यावा. साखरेचे आकडे एककासकट लिहा: लिटरमागे ७ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना सगळ्यात जास्त जपावं. इंग्लंडमध्ये वॉरफरिन, जर्मनीत बहुधा फेनप्रोकूमोन, नेदरलँड्समध्ये फेनप्रोकूमोन किंवा असेनोकुमारोल. तिघांचं काम एकच आणि मोजमापही एकच, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा). पण वॉरफरिनचा शरीरातला अंश निम्मा व्हायला साधारण ४० तास लागतात, फेनप्रोकूमोनला पाच-सहा दिवस, असेनोकुमारोलला काही तास. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा बदल केला तर एकतर गुठळी, नाहीतर रक्तस्राव. जुन्या देशातल्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या सोबत आणाव्यात, नव्या डॉक्टरची पहिली वेळ आठवड्याच्या आत घ्यावी, आणि शेवटच्या सहा आयएनआरचा तारखेसह, त्या-त्या वेळच्या डोससह तक्ता त्याच्या टेबलावर ठेवावा.